जर्मन भूदल अधिकाऱ्यांचा १९३५ चा खंजीर : सुरुवातीच्या उत्पादनाच्या खुणा कशा ओळखाव्यात

जुनी शस्त्रे गोळा करणाऱ्यांच्या वर्तुळात जर्मन भूदलाच्या अधिकाऱ्याचा खंजीर हा सर्वाधिक विकला जाणारा, सर्वाधिक नकला झालेला आणि नवशिक्याला हमखास गोंधळात टाकणारा प्रकार आहे. विक्रेत्याने ‘सुरुवातीच्या काळातला’ एवढे दोन शब्द लिहिले की किंमत पुष्कळ वाढते, आणि त्या शब्दांची परीक्षा कशी करायची हे ठाऊक नसल्यामुळे नवा संग्राहक त्यांवर विश्वास ठेवून मोकळा होतो. ही परीक्षा पायरीपायरीने कशी करावी, ते या लेखात सांगितले आहे. त्याचा पाया असलेला नियम आधीच सांगून ठेवतो. कोणतीही एक खूण खंजिराचे वय सिद्ध करत नाही. धातू, मुलामा, मूठ, पाते, म्यान आणि झीज यांची साक्ष एकमेकींशी जुळली, तरच ‘सुरुवातीचा’ हा शब्द वापरावा.

हा विषय ज्या राजवटीशी जोडलेला आहे, तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे योग्य नाही. या खंजिराच्या परजेवर, म्हणजे मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या भागावर, गरुडाच्या नखांत नाझींचे हाकेनक्रॉइत्स (वाकड्या टोकांच्या क्रुसाचे चिन्ह) आहे, आणि हा खंजीर ज्या सैन्याचा होता त्याने युरोपभर केलेल्या अत्याचारांची नोंद न्यायालयांत आणि इतिहासात झालेली आहे. अशी वस्तू पुरावा म्हणून अभ्यासावी. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. खऱ्या-खोट्याची काटेकोर परीक्षा करण्याचे महत्त्वही त्यातूनच येते, कारण खोटी वस्तू खऱ्या पुराव्यात मिसळली की पुरावाच गढूळ होतो.

पहिली पायरी : कालक्रम आणि निर्मितीची पद्धत समजून घेणे

व्हर्सायच्या तहाने जर्मन भूदलाची मर्यादा १,००,००० सैनिकांवर आणली होती. १९३५ च्या मार्चमध्ये हिटलरने सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू केली आणि त्याच वर्षी ४ मे रोजी भूदलाच्या अधिकाऱ्यांसाठी नवा खंजीर मंजूर झाला. सैन्य झपाट्याने वाढत असल्याने अधिकाऱ्यांची संख्याही वाढत गेली, आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या झोलिंगेन या पातेकारांच्या शहरातील अनेक कारखाने एकाच नमुन्याचा खंजीर बनवू लागले. आइकहॉर्न, अलेक्झांडर कॉपेल, वेयर्सबर्ग-किर्शबाऊम, हॉर्स्टर, होलर, पुमा, क्लास, पाक, विंगेन ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे. नमुना एक असला तरी प्रत्येक कारखान्याचे साचे वेगळे होते. गरुडाचे पंख, परजेच्या टोकांचा वळसा, मुठीच्या माथ्यावरच्या बोंडावरची ओकची पाने यांत कारखान्यागणिक फरक दिसतो. म्हणून एका कारखान्याचा खंजीर दुसऱ्या कारखान्याच्या खंजिराशी ताडून ‘हा गरुड वेगळा आहे, म्हणजे खोटा’ असे म्हणणे ही पहिली चूक होय. तुलना नेहमी त्याच कारखान्याच्या वस्तूंशीच करावी.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली तर पुढे पुष्कळ गैरसमज टळतात. हा खंजीर सरकार फुकट देत नव्हते, अधिकारी तो स्वतःच्या पैशाने विकत घेत असे. त्यामुळे बंदुकांवर किंवा संगिनींवर दिसणारे लष्करी तपासणीचे शिक्के आणि निर्मितीचे वर्ष यावर सहसा नसते. ‘वर्ष कुठे आहे?’ असा प्रश्न विचारणाऱ्या नवशिक्याला विक्रेता एखादे वर्ष आनंदाने दाखवेल, पण ते वर्ष नंतर कोणीतरी कोरलेले असण्याचीच शक्यता अधिक. याउलट पक्षाच्या संघटनांसाठी माल मंजूर करणाऱ्या राइश्सत्सॉइगमाइस्टरायचा आर-झेड-एम शिक्का भूदलाच्या खंजिरावर दिसला, तर वस्तू लगेच बाजूला ठेवावी. त्या यंत्रणेचा भूदलाच्या खंजिराशी संबंध नव्हता.

सुरुवातीच्या आणि नंतरच्या उत्पादनात फरक का पडला, याचे मुख्य उत्तर धातूंच्या टंचाईत आहे. १९३६ मध्ये हिटलरचा सहकारी गोअरिंग याच्या हाती चार वर्षांची आर्थिक योजना सोपवण्यात आली. तिचा एक हेतू परदेशातून आणाव्या लागणाऱ्या कच्च्या मालावरचे अवलंबन कमी करणे हा होता. तांबे आणि निकेल हे त्यांतले मौल्यवान धातू. त्यांची जागा हळूहळू जस्ताच्या मिश्रधातूने घेतली, आणि युद्ध सुरू झाल्यावर हा बदल अधिक ठळक झाला. खंजिराच्या वयाची बहुतेक साक्ष या एकाच कारणातून निघते. कारण लक्षात असेल तर खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

दुसरी पायरी : धातू आणि वजन

सुरुवातीच्या खंजिरांचे बोंड, परज आणि मुठीखालचे कडे तांबेमिश्रित धातूचे, म्हणजे पितळेचे किंवा आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रणाचे असत, आणि वर चांदीचा किंवा निकेलचा जाड मुलामा दिलेला असे. नंतरच्या खंजिरांत हेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असून वरचा मुलामा पातळ असतो, आणि शेवटच्या काळातल्या काही खंजिरांवर तो जवळजवळ नसतोच, केवळ करडा धातू उघडा दिसतो. पितळेची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, जस्ताची ७.१ आणि अॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम असते. म्हणून दोन खंजीर हातांत धरले की पितळी खंजिराचे जड बोंड हाताला जाणवते. मात्र दोन्ही सारख्या आकाराचे असतील तरच ही तुलना खरी ठरते.

मुलामा जिथे घासला गेला आहे, ती जागा भिंगाखाली पाहावी. परजेची टोके, गरुडाच्या पंखांच्या कडा आणि बोंडाचा माथा या जागा लवकर घासतात. तिथे पिवळसर रंग दिसला तर आत पितळ आहे, आणि करडी, थोडी निळसर छटा दिसली तर जस्त. जस्तावरचा मुलामा फुगून त्यावर बारीक पुरळ आल्यासारखे दिसते, कारण त्याखालचा धातू गंजत जातो. हे पुरळ हा दोषच असे नव्या संग्राहकाला वाटते, पण नंतरच्या काळातल्या खंजिरावर ते स्वाभाविक आहे. ज्या खंजिराला विक्रेता सुरुवातीचा म्हणतो त्यावर मात्र पुरळ शंका उत्पन्न करते.

लोहचुंबकाचा उपयोग करताना काळजी घ्यावी. पितळ, जर्मन सिल्व्हर, जस्त, अॅल्युमिनियम यांपैकी कोणालाच चुंबक धरत नाही, पण वरच्या निकेलच्या थराला तो थोडासा ओढला जाऊ शकतो. त्यामुळे चुंबकाच्या ओढीवरून ‘पितळ की जस्त’ हे ठरत नाही. चुंबकाचा खरा उपयोग म्यानावर आहे. म्यान पोलादी असते; चुंबक म्यानाला घट्ट धरत नसेल तर प्रश्न विचारावा.

येथे एक इशारा द्यायला हवा. ‘जड तो जुना’ हा नियम भूदलाच्या खंजिराला लागू पडतो, हवाई दलाच्या १९३७ च्या खंजिराला नाही. त्या दुसऱ्या नमुन्यात सुरुवातीचे कित्येक खंजीर अॅल्युमिनियमच्या परजेचे आणि बोंडाचे, म्हणून हलके असत, आणि नंतरचे जस्ताचे, म्हणून अधिक जड. हा उलटा नियम माहीत नसल्यामुळे लोक हवाई दलाचा खंजीर हातात घेतात आणि ‘हलका आहे, नंतरचा असेल’ असे म्हणून सुरुवातीचा खंजीर सोडून देतात. मूळ नमुना कोणत्या दलाचा आहे हे ठरल्याशिवाय धातूचा निष्कर्ष काढू नये. दले ओळखणे मात्र सोपे आहे. भूदलाच्या मुठीवर तार नसते आणि परजेवर पंख पसरलेला गरुड असतो. हवाई दलाच्या त्या नमुन्याच्या मुठीवर तार गुंडाळलेली असते आणि बोंडावर हाकेनक्रॉइत्स असते. नौदलाच्या खंजिराचे बोंड १९३८ पासून गरुडाच्या आकाराचे झाले. त्याआधी ते ज्वाळेच्या आकाराचे होते. नौदलातील अनेक अधिकाऱ्यांनी नवे बोंड जुन्या खंजिरावर बसवून घेतले, म्हणून तिथे जुने पाते आणि नवे बोंड एकत्र दिसणे नैसर्गिक आहे.

तिसरी पायरी : गरुड, ठसे आणि छिन्नीकाम

साचा नवा असताना निघालेली परज आणि साचा झिजल्यानंतर निघालेली परज यांत फरक पडतो. सुरुवातीच्या चांगल्या परजेवर गरुडाच्या छातीवरची पिसे, चोचीची वळणदार धार, डोळा आणि पंखांवरच्या रेषा तीक्ष्ण असतात. काही कारखान्यांनी त्या साच्यातून काढल्यानंतर हाताने छिन्नी फिरवून आणखी उठावदार केलेल्या दिसतात. भिंगातून पाहिले तर छिन्नीच्या रेषा एकसारख्या नसतात, एखादी जास्त खोल, एखादी जराशी वाकडी. नकलेवर मात्र तपशील गुळगुळीत वाटतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे किंवा बुडबुड्यांच्या खुणा दिसतात, कारण नक्कल करणारा खऱ्या परजेवरून साचा घेतो आणि ओतताना तपशील हरवतो. तसेच ओतीव धातू थंड होताना थोडा आकुंचन पावतो, त्यामुळे अशी परज मूळ परजेपेक्षा लहान भरते. व्हर्नियर कॅलिपरने मोजून खऱ्या नमुन्याच्या मापाशी ताडून पाहणे हा पैशाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त आणि निष्कर्षाच्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा उपाय आहे. तो बहुतेक नवशिके वापरतच नाहीत.

चौथी पायरी : मूठ

मुठीच्या रंगावर सर्वाधिक चर्चा होते आणि सर्वाधिक चुकाही याच बाबतीत होतात. भूदलाच्या खंजिराच्या मुठी पांढऱ्या, फिकट पिवळ्या, दाट पिवळ्या आणि नारिंगी अशा छटांत मिळतात. पांढरी मूठ पुष्कळदा सुरुवातीच्या खंजिरांवर आढळते हे खरे असले, तरी रंगावर भिस्त ठेवू नये, कारण काही मुठींच्या रेझिनचा रंग वर्षानुवर्षे उजेडात राहिल्याने गडद होतो, आणि परजेजवळ झाकलेला भाग मात्र फिकट राहतो. म्हणून मुठीचा रंग सर्व बाजूंनी सारखा आहे की परजेखाली बदलतो, हे पाहावे. परजेखाली न दिसणाऱ्या जागी फिकटपणा टिकून राहिला असेल, तर तो रंग काळाने दिलेला असतो.

काही मुठी लाकडी गाभ्यावर सेल्युलॉइड चढवलेल्या असतात. सेल्युलॉइड किंचित गरम झाले की कापराचा वास येतो, कारण ते बनवताना कापूर वापरतात. परंतु तापलेली सुई टोचून तपासण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही आहे, आणि सुई टोचल्याने मूठही कायमची खराब होते. तळहातावर थोडा वेळ चोळून वास घेणे पुरेसे आहे. जुने सेल्युलॉइड विघटन पावताना आम्लधर्मी वायू सोडते आणि त्यामुळे शेजारचा धातू हिरवट होतो. मुठीच्या वरच्या आणि खालच्या कडांजवळ असा हिरवटपणा दिसला, तर खाली तांबेमिश्रित धातू असल्याची ती जोडसाक्ष होय, म्हणून दुसऱ्या पायरीतला निष्कर्ष इथे पडताळून पाहावा.

हस्तिदंती मुठीही क्वचित मिळतात. त्यांची खूण अशी की, मुठीच्या टोकाच्या आडव्या काटछेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे जाळे दिसते. परंतु हस्तिदंताच्या व्यापारावर जगभर कडक निर्बंध आहेत, आणि भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार तो प्रतिबंधित आहे. अशा मुठीची खरेदी-विक्री टाळावी.

मुठीच्या पृष्ठभागावरच्या चिराही पाहाव्यात. सुकलेल्या जुन्या मुठीवर उभ्या, बारीक भेगा पडतात आणि त्यांत वर्षांची मळकट धूळ बसलेली असते. ताजी मूठ घासून आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली असेल, तर तपकिरी रंग भेगांत न बसता खोलगट भागांत डागासारखा पसरतो.

पाचवी पायरी : पाते आणि कारखान्याची खूण

खंजिराचे पाते दुधारी, सुमारे २५ ते २६ सेंटीमीटर लांबीचे असते. त्यावर कारखान्याची खूण असेल, तर ती ओळखावी : आइकहॉर्नची खार, होलरचा तापमापक, वेयर्सबर्ग-किर्शबाऊमचे राजाचे मुंडके आणि शिरस्त्राण, कॉपेलच्या ‘अल्कोसो’वरचा तराजू, पुमाचे मुंडके, क्लासचे दोन करकोचे. काही खरे खंजीर बिनखुणेचेही असतात, त्यामुळे खूण नसणे हा दोष मानू नये. आइकहॉर्नसारख्या कारखान्याने खारीचे चित्र आणि अक्षरांची मांडणी वेळोवेळी बदलली. हे बदल कालनिश्चितीला उपयोगी पडतात, पण पाते बदललेले नाही हे आधी सिद्ध व्हायला हवे. जुन्या आम्लकोरीव खुणेच्या कडा भिंगाखाली थोड्या फाटक्या दिसतात आणि तळ खडबडीत असतो. यंत्राने किंवा लेसरने केलेली नवी खूण सगळीकडे सारख्या खोलीची असते. ‘झोलिंगेन’ हा शब्द मात्र वयाचा पुरावा होऊ शकत नाही. १९३८ मध्ये त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ते आजही चालू आहे.

कॉपेलच्या तराजूविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. हे कुटुंब झोलिंगेनच्या ज्यू समाजातले मान्यवर उद्योजक होते. नाझी राजवटीत कारखाना त्यांच्या हातून गेला, आणि डॉ. अलेक्झांडर कॉपेल १९४२ मध्ये थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत मरण पावले. ‘अल्कोसो’ हा शब्द अलेक्झांडर कॉपेल झोलिंगेन यांवरून बनला आहे. ज्या कुटुंबाचे नाव पात्यावर उमटत राहिले, त्याच कुटुंबाला त्या राजवटीने संपवले, हे तराजू पाहताना संग्राहकाला माहीत असावे.

सहावी पायरी : जुळवाजुळव, झीज आणि खोट्याचा संशय

एकेक भाग वेगळा तपासून झाला की खंजीर पुन्हा एकत्र पाहावा. परीक्षेतला खरा निर्णय इथेच होतो. सुरुवातीची परज, सुरुवातीचे बोंड आणि नंतरच्या काळातले म्यान असा मिश्र खंजीर पुष्कळदा आढळतो. युद्धानंतर झोलिंगेनमध्ये आलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांसाठी तिथल्या कारागिरांकडे उरलेल्या भागांतून असे खंजीर जोडले गेले. ते भाग अस्सल असूनही एकत्र बनवलेले नव्हते, हे समजून घ्यावे. विक्रेत्याने तसे स्पष्ट लिहिले असेल तर त्याला दोष देण्याचे कारण नाही.

म्यानाकडे अशा वेळी काळजीने पाहावे. दोन्ही बाजूंना ठिपकेदार पृष्ठभाग आणि कड्यांच्या दोन पट्ट्यांवर ओकची पाने असतात. कड्यांजवळ पट्टा घासल्याने मुलाम्यावर ज्या खुणा पडतात, त्या कड्याच्या हालचालीच्या वर्तुळात असल्या पाहिजेत. इतरत्र पडलेल्या खुणा कशाने पडल्या, हे विचारावे. म्यानाच्या तोंडाजवळच्या स्क्रूच्या खाचा सरळ असाव्यात आणि त्यांत जुना मळ बसलेला असावा. खाचा ताज्या आणि चमकदार असतील, तर म्यान नुकतेच उघडले आहे. परजेखालचे चामड्याचे किंवा तत्सम आच्छादन पातळ आणि काळपट असेल तर स्वाभाविक. नवे, फुगीर चामडे बदललेले असते.

चांदीच्या मुलाम्याचा काळेपणाही वाचायला शिकावे. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, म्हणून खऱ्या खंजिराचे खोलगट भाग काळे आणि उंचवटे उजळ असतात, आणि हाताने धरल्याने ज्या जागा वारंवार घासल्या जातात त्या सर्वांत उजळ दिसतात. गंधकाच्या द्रावणाने मुद्दाम काळा केलेला खंजीर मात्र सर्वत्र सारखाच काळा असतो. बाजारात असे खंजीर भरपूर आहेत. कोणत्याही परिस्थितीत मुलामा चमकवण्याची पावडर लावू नये, कारण तिने वयाची साक्षच पुसली जाते.

बोंड पात्याच्या आटेदार टोकावर स्क्रूसारखे बसते. ते स्वतः उघडण्याचा मोह टाळावा. पकड किंवा पाना लावून उघडलेल्या खंजिरांच्या बोंडावर उमटलेले दात आयुष्यभर जात नाहीत, आणि जुने सेल्युलॉइड तुटण्याचीही शक्यता असते. खरेदीपूर्वी उघडून पाहायचेच असेल, तर ते विक्रेत्याने किंवा अनुभवी व्यक्तीने आपल्यासमोर करावे. आतल्या बाजूचा मुलामा न दिलेला धातू पाहण्याची ती एकच संधी असते.

सातवी पायरी : कायदा, नोंद आणि जपणूक

भारतातील वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये धारदार शस्त्रांचाही ‘शस्त्र’ या व्याख्येत समावेश आहे, आणि त्याच्या कलम १० नुसार परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. परदेशातून टपालाने खंजीर मागवण्यापूर्वी याची चौकशी करावी. जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी तिथल्या दंडसंहितेचे कलम ८६अ महत्त्वाचे आहे. नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन तिथे गुन्हा असून संशोधन, शिक्षण आणि कला यांना अपवाद दिला आहे. म्हणूनच तिथले विक्रेते छायाचित्रांत हाकेनक्रॉइत्स झाकतात. ऑस्ट्रियात १९४७ चा बंदीचा कायदा त्याहून कडक आहे.

खरेदी झाली की कोठून, केव्हा आणि कोणत्या वर्णनाने घेतला हे लिहून ठेवावे, सर्व बाजूंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत, आणि वजन ग्रॅममध्ये, परजेची रुंदी मिलिमीटरमध्ये नोंदवावी. पुढच्या वेळी त्याच कारखान्याचा दुसरा खंजीर पाहायला मिळेल, तेव्हा तुलनेसाठी हीच नोंद कामी येते. ठेवताना दमट जागा आणि प्लास्टिकची पिशवी टाळावी, कारण सेल्युलॉइडमधून निघणारे वायू बंद पिशवीत कोंडून राहतात आणि धातूला खातात. पाते फार काळ म्यानात ठेवू नये. सुती कापडाने पुसून, वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ थर देऊन ते वेगळे ठेवावे, आणि दर सहा महिन्यांनी परजेच्या खाली ओलावा साचलेला नाही ना, हे पाहावे.